गाडी सोमवारीच दम सोडते

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

गाडीची पूजा मीच केली. गणराज म्हणाला, "बाबा, एक नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा, झालं." झालं म्हणे! माझा मुलगा, आणि पूजा अशी उरकतो जशी कुरिअरवाल्याला सही द्यायची!

चौतीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात ब्लोअर जोडले मी. भट्ट्यांना, गिरण्यांना वारा पुरवणारे ब्लोअर. नवमीला आमच्या शॉपमध्ये आधी मशीनला आंघोळ, मग हळदकुंकू, मग झेंडू, आणि शेवटी मशीनच्या मनगटाला लाल धागा. पाच वेढे. वर मोडक फोरमनची गाठ — दोरा उलटा घेऊन आतून काढायचा. एकदा बसली की सुटायची नाही. मोडक गेले. शॉप गेलं, तिथे आता चोवीस मजली इमारत आहे. गाठ तेवढी माझ्या बोटांत उरली.

गाडी जुनी आहे. परदेशी, राखाडी, वीस वर्षांची. गणराजच्या भोसरीच्या साहेबाने नवी घेतली आणि ही ह्याच्या गळ्यात घातली. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. मी बॉनेट उघडलं, वरचं काळं झाकण काढलं आणि म्हणालो, घ्याच. आत ब्लोअर! साहेब लोक त्याला सुपरचार्जर म्हणतात. म्हणोत बापडे. इंग्रजी आठच्या आकाराचे दोन रोटर, एकमेकांना न शिवता एकमेकांत फिरणारे, हवा कोंडून इंजिनात ढकलणारे. तोच माझा ब्लोअर, फक्त कोट घालून आलेला.

धागा बांधायला जागा मिळेना, सगळं अंग बंदिस्त. बाजूला पेन्सिलीएवढा एक चकचकीत दांडा दिसला. तो आणि त्याच्या शेजारची पट्टी मिळून पाच वेढे घातले. गाठ मारली. झाकण लावलं. नमस्कार केला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. हे इथेच लिहितो. घरात सांगितलं तर सुमन म्हणेल, लोखंडापुढे रडता आणि माझ्या गुडघ्याकडे बघत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

गाडी धुतली. सोसायटीने माणूस ठेवलाय म्हणे धुवायला. ओलं फडकं फिरवतो नि जातो! मी दोन बादल्या वापरल्या, बॉनेट उघडून इंजिनावरही दोन तांबे ओतले. मशीनला आंघोळ हवी. शेजारचा प्रज्वल, संगणक कंपनीतला, बाल्कनीतून ओरडला, "आजोबा, इंजिनवर पाणी नका टाकू!" टायमध्ये जन्मलेली पोरं. कधी हाताला ग्रीस लागलंय?

१३ ऑक्टोबर, सोमवार

दिपालीला आज उशीर झाला. सूनबाई जूनपासून निघोज्याच्या एका कंपनीत जाते, क्वालिटीला. पिंकी झाल्यावर नऊ वर्षं घरी होती, आता पुन्हा उभी राहिली आहे. पहिली पाळी, सकाळी सात. कंपनीची बस थेरगावला येत नाही. स्कूटरवर जायची, ऑगस्टमध्ये मोशीला घसरून पडली, कोपर सोलवटलं. म्हणून ही गाडी तिला दिली. गणराज मोटारसायकलवर जातो.

तर आज मोशीचा पूल ओलांडून चढ लागला आणि गाडीने दम सोडला म्हणे. "पाय पूर्ण दाबला बाबा, इंजिन नुसतं कण्हतंय. मागून सगळे हॉर्न. रिक्षा पुढे गेली!" बंद पडली का? नाही. धूर? नाही. आणि दुपारी येताना? "येताना एकदम मस्त." वा!

नोव्हेंबरअखेर तिचे सहा महिने भरतात, मग कायम करतात. त्याआधी चार लेट लागले तर निरोपाचा नारळ. हा पहिला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज गाडी उत्तम चालली. म्हणजे काल तिने पेट्रोल हलक्या पंपावर भरलं असणार.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस आणि पुन्हा तेच! त्याच चढावर. दुसरा लेट. काल फटाक्यांचा सगळा राडा मी धुऊन काढला होता, नवरीसारखी गाडी दिली होती हातात. पेट्रोल तर मी स्वतः उभा राहून भरून घेतलं होतं. मग काय?

गणराज जेवताना: "सेन्सर गेला असेल." सुमन: "दृष्ट लागली असेल." घरात दोन इंजिनिअर आहेत, मला कळलंच नव्हतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

डांगे चौकाजवळ धम्मरत्नचं गॅरेज आहे. चाळिशीचा माणूस, हात काळे, बोलणं गोड. गाडी नेली तर आधी लॅपटॉप काढला! तार जोडली, चहा मागवला, पडद्याकडे पाहत बसला. आमचे मोडक स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचे, मूठ कानाला, डोळे मिटायचे — आणि सांगायचे, तिसरं बेअरिंग. पडदा नाही, तार नाही, चहाही नाही.

"काका, हवेचा दाब मधूनमधून पडतोय असं दाखवतंय."

मधूनमधून! हे मला सूनबाईने फुकट सांगितलं होतं.

त्याने एअर फिल्टर बदलला, पाइपांच्या क्लिपा आवळल्या. मग म्हणतो, "बायपास लटकत असेल. झाकण काढून आतला दांडा बघू का?" मी विचारलं, कसला बायपास? बायपास हृदयाचा होतो नाहीतर गावाचा होतो. तर मलाच शिकवायला लागला: "हळू चालवताना ब्लोअरची हवा एका झडपेतून फिरून परत जाते, काका. पाय दाबला की दांडा सरकतो, झडप मिटते, सगळी हवा इंजिनात. दांडा अडला तर झडप उघडीच राहते. ब्लोअर फिरतो पण हवा वाया."

चौतीस वर्षांत मी जोडलेल्या एकाही ब्लोअरला असलं शेपूट नव्हतं. सांगितलं त्याला, वरचं झाकण काढायचं नाही, ब्लोअरला हात लावायचा नाही, पूजा केलेली आहे.

"बरं," म्हणाला. "मग आजारी असताना आणा तिला. बरी असताना नाडी बघून काय कळणार? सोमवारी पहाटे आणा, थंड."

वैद्याच्या सोयीने रोग्याने आजारी पडायचं! निघालो.

१ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी एकटाच पार्किंगमध्ये गेलो. इंजिन चालू केलं, मोडकांसारखा स्क्रू-ड्रायव्हर लावला कानाला. आणि काय सांगू! भुजंगप्रयात! ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा — एक मात्रा इकडची तिकडे नाही. औशाच्या पत्र्याच्या शाळेत दाभाडे गुरुजी टेबलावर छडी आपटून वृत्तं शिकवायचे. लघूला बोट, गुरूला तळवा. ज्याचा यतिभंग झाला त्याचा तळवा लाल. पावसात पत्रा वाजायचा तरी गुरुजींची छडी वरचढ. त्या शाळेतल्या चाळीस पोरांपैकी वृत्त किती जणांना आठवत असेल? बहुतेक मलाच. आणि ह्या ब्लोअरला.

कारखान्यातल्या भिंतीसाठी मी एका दसऱ्याला दोन ओळी रचल्या होत्या:

फिरे चाक वेगे, सुटे गार वारा,
घुमे रोज येथे श्रमाचा नगारा.

मॅनेजरने तिथे 'हेल्मेट वापरा' लिहिलं. असो.

निष्कर्ष असा, की ब्लोअर निर्दोष. ज्याचं वृत्त शुद्ध, त्याच्या पोटात पाप नसतं. दोष दुसरीकडे शोधायला हवा.

३ नोव्हेंबर, सोमवार

तिसरा लेट. आणि कालच मी धुऊन चकाचक केली होती!

आता मी कॅलेंडर काढलं. तेरा तारीख, सोमवार. सत्तावीस, सोमवार. आज, सोमवार! गाडीला वार कळतो का? यंत्राला रविवार-सोमवार नसतो, माणसाला असतो. रविवारची विश्रांती झाली की सोमवारी पाय उचलत नाही. शाळेत असताना माझंही पोट सोमवारीच दुखायचं.

हे सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, ती पोरगी पहाटे साडेचारला उठून डबे करते. सोमवारी पण. तुम्ही उठता तेव्हा तुमचा चहा थर्मासमध्ये असतो, तो काय यंत्र ओततं?"

भावनेने निदान होत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज तिच्या शेजारी बसून निघोज्यापर्यंत गेलो. माझं लायसन्स संपलं आहे, नाहीतर मीच चालवून दाखवली असती. सबंध रस्ता पाहत होतो — गाडीकडे नव्हे, तिच्या पायाकडे.

गाडी ठणठणीत. मोशीचा चढ अशी चढली की पोटात गुदगुल्या झाल्या. पण तिचा पाय! घाबऱ्या घाबऱ्या दाबते, सोडते, पुन्हा दाबते. कंटेनर दिसला की पाय वर. मी म्हणालो, "सूनबाई, वृत्त बिघडतंय." ती समोर पाहत म्हणाली, "बाबा, वृत्त काल बिघडलं होतं. आज चांगली चालतेय म्हणून तर मला जास्त भीती वाटते. कधी सोडेल तेच कळत नाही."

काव्य बोलते. चालवत नाही.

परत यायला मला बस मिळेना. दोन तास कंपनीच्या फाटकाबाहेर वडापावच्या गाडीशी उभा. निघोज्याच्या सोजरबाई वडे तळतात, त्यांचं शेत होतं त्या जागेवर आता कंपनीचं पार्किंग. म्हणाल्या, "आमच्या शेताला आता रातंदिस दिवं हायेत बघा. पीक काय दिसत न्हाई." दोन वडे खाल्ले. तिसरा त्यांनी आग्रहाने दिला.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी धुतली. थंडी पडली आहे, पाणी हाताला चावत होतं. इंजिनालाही घातलं, झाकणाच्या फटीतून आतपर्यंत जाईल असं. आळस असलाच तर धुऊन निघेल! पिंकी हसत होती. ह्या घरात हसणारं तेवढं एकच माणूस आहे सध्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

उशीर होऊ नये म्हणून आज साडेपाचलाच निघाली. चढावर गाडीने दम सोडला. मागे कंटेनर. त्याला वाटलं ही पुढे निघेल, म्हणून तोही जोरात आला. हॉर्न, ब्रेक, आणि तो बाजूच्या मातीत उतरला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मॅडम, मरना है क्या?" ती गाडीत बसून राहिली. मग कशीबशी रांगत कंपनीत पोचली. सातला पाच कमी. लेट नाही लागला.

हे तिने सांगितलं नाही. तिच्याबरोबर काम करणाऱ्या पुनमने फोन करून सुमनला सांगितलं. दिपाली आली तेव्हा भाजी निवडत बसली, पण मेथीच्या पानांऐवजी देठं पातेल्यात टाकत होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गणराजने रात्रीच्या जेवणानंतर सभा भरवली.

"विकून टाकू गाडी. आणि तू पण सोड नोकरी. जीव महत्त्वाचा."

"गाडी विक," दिपाली म्हणाली. "नोकरी नाही."

"मग जाणार कशी? स्कूटरवर? पुन्हा पडायला?"

"वीस दिवस राहिलेत रे. वीस."

मग तो माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही यातले. एकदाच सांगा. दोष मशीनचा का माणसाचा?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. निवृत्त झाल्यापासून ह्या घरात मला कोणी असं विचारलं नव्हतं. रिमोट कुठे आहे, हे विचारतात. गोळी घेतली का, हे विचारतात.

मी म्हणालो, "मशीन निर्दोष आहे."

दिपालीने मान खाली घातली. गणराज म्हणाला, "झालं तर. पुढचा सोमवार बघू. नीट चालवलीस तर ठीक, नाहीतर राजीनामा." ती उठली, ताटं गोळा केली. भांडी घासायला बाई येते सकाळी, तरी हिने घासली. एकही भांडं आपटलं नाही.

मी खरं तेच बोललो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चहा कडू लागला. साखर होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निदान झालं आहे तर उपचारही मीच करायला हवा. दिपालीला पार्किंगमध्ये नेलं, इंजिन बंद, ती सीटवर, मी दाराशी खुर्ची टाकून. अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा धडा. "ल म्हणताना हलका. गा म्हणताना खोल. पुन्हा गा, तितकाच खोल. पाय उचलायचा नाही. ल-गा-गा." अर्धा तास. दाभाडे गुरुजी असते तर छडी घेऊन बसले असते. मी टाळ्या वाजवल्या.

तिने मुकाट्याने सगळं केलं. शेवटी विचारलं, "बाबा, त्या धम्मरत्नदादांचं म्हणणं, ती आजारी असताना बघायला हवी. तुम्हाला नाही का पटत?"

पटत नाही म्हणालो. लॅपटॉपवाल्याला रोज एक नवा रोग हवा असतो.

"आणि ते झाकण?"

"ते उघडायचं नाही."

"बरं बाबा."

१६ नोव्हेंबर, रविवार

उद्या परीक्षा. मशीनकडून कसूर नको म्हणून तीन बादल्या पाणी. इंजिनाला वेगळे चार तांबे. प्रज्वल बाल्कनीतून नुसता पाहत होता. आज ओरडला नाही. शिकतोय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साडेपाचला निघाली. मी खिडकीत होतो. फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळायचं, तर बाई डावीकडे वळल्या, डांगे चौकाच्या दिशेने! रस्तासुद्धा चुकली. कपाळावर हात मारला.

संध्याकाळी सहाला आली. नेहमी चारला येते. आज जनरल पाळी घेतली म्हणाली, पुनमशी बदलून. त्यामुळे लेटचा प्रश्नच नव्हता. गणराज दारातच उभा. "काय झालं? चालली?"

"चालली."

"चढावर?"

"चढावर पण."

मग तिने पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि गणराजला म्हणाली, "बाबांचं बरोबर होतं. पायच माझा चुकत होता."

बस! चौतीस वर्षांच्या नोकरीत कंपनीने मला एक स्टीलचं घड्याळ दिलं, ते दुसऱ्या वर्षी बंद पडलं. आजचं वाक्य बंद पडणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवारी तर ती चालतेच. तरी लिहून ठेवतो: चालली.

जेवताना मी निदानशास्त्रावर थोडं बोललो. यंत्र ऐकावं लागतं, कान लागतो, नुसती तार जोडून भागत नाही. सुमन पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. खोकला असेल. दिपाली म्हणाली, "बाबा, आमटी वाढू?" दोनदा वाढली.

२३ नोव्हेंबर, रविवार

ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर सगळी हकिकत सांगितली. विलासराव, जे वीज मंडळात होते आणि ज्यांना स्वतःच्या घरचा फ्यूज लावता येत नाही, ते म्हणाले, "राव, कवितेने गाडी दुरुस्त केलीत!" टोमणा होता. पण टोमण्यातही मत्सर ऐकू येतो.

दुपारी गणराजचे मित्र जेवायला. गणराजने त्यांना सांगितलं, "हिला काय, बाबांनी ल-गा-गा शिकवलं तेव्हा कुठे गाडी चढ चढली!" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, पुढचा धडा गिअरचा का?" दिपालीही हसली. पोळ्या वाढत होती. पिंकीने विचारलं, "आई, तुला खरंच चालवता येत नव्हतं?" दिपाली म्हणाली, "येत होतं गं, थोडं कमी."

मला कसंनुसं झालं. भात जास्त झाला असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल धुतली, आज सोमवार, आणि चढ घोड्यासारखी चढली! सातला वीस कमी असताना कंपनीत. कुठे आहे तो लॅपटॉप? कुठे आहे तो लटकणारा बायपास? मुद्दाम डांगे चौकातून फिरून आलो. धम्मरत्न कुणाच्या तरी गाडीखाली होता. मी म्हणालो, "काय हो, झाली बरी आमची गाडी. तुमच्याशिवाय!" तो खालूनच म्हणाला, "चांगलं झालं काका. चहा घेणार?" वर्मी लागलं असणार. चेहरा दिसला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दिपाली कायम झाली! पत्र आलं. पेढे आणले. तिने पहिला पेढा देवाला, दुसरा सुमनला, तिसरा मला दिला आणि पायाला हात लावला. म्हणाली, "बाबा, ती गाडी आली नसती तर जमलं नसतं. तुम्हीच घ्या म्हणाला होतात."

श्रेय कुठे द्यावं हे तिला कळतं. चालवता येत नसलं तरी.

गणराज पेढा खात ओरडला, "ल-गा-गा!" घरभर हशा.

१ डिसेंबर, सोमवार

आज तिला सुट्टी. सोसायटीला पीयूसीची प्रत हवी होती, म्हणून मी गाडीचा पुढचा कप्पा उघडला. विम्याच्या कागदांखाली प्लॅस्टिकची पिशवी. आत लाल धागा, तेलाने काळवंडलेला. पाच वेढे तसेच. गाठ तशीच, उलटी घेऊन आतून काढलेली.

सोबत धम्मरत्नच्या गॅरेजची पिवळी चिठ्ठी. "बायपासच्या दांड्याला पूजेचा धागा. पाणी लागलं की आवळतो, दांडा अडतो. वाळला की सैल, गाडी ठीक. मॅडम म्हणाल्या कापू नका. दांडा सोडवून अखंड काढला." तारीख १७ नोव्हेंबर. सकाळी ६.४०.

त्याच संध्याकाळी ती म्हणाली होती, पायच माझा चुकत होता.

धागा माझ्या खिशात आहे. गणराज सातला येतो. तो चपला काढायच्या आत सांगायचं. तिच्यासमोर, पिंकीसमोर.